माणिक पेंटरचं अक्षर

प्रयागबाई: अजून गोलच फिरून राह्यलं का व ते कम्प्युटरवर?

सुवर्णा: फिरू द्या आत्याबाई. आपन बसून आहोत, ते फिरून राह्यलं. दुकानात कोनीतरी काम करून राह्यलं म्हनायचं.

प्रयागबाई: माही गाडी चुकन. दुपारची आपल्या तामसीची गाडी गेली का मंग संध्याकायपर्यंत तुह्या दुकानात बुजगावनं होऊन बसा लागते मले.

सुवर्णा: नाही चुकत. थेंब टाकल्यावर डोळा मिटून बसा म्हनलं ना डॉक्टरनं? अन् तुमी घडीघडी उघडून पाहून राह्यल्या. मिटा बरं.

प्रयागबाई: मिटला. एकच मिटू का दोनी?

सुवर्णा: ऑपरेशन एकाचंच झालं ना?

प्रयागबाई: एक मिटला का दुसरा आपोआप मिटते व. जोडीनं काम करायची सवय पडली त्याइले.

सुवर्णा: थांबा, फोन आला. हॅलो, करण डिजिटल... चेप्पंडी अन्ना, बोला. नाही, ते बाहेर गेले, फ्लेक्स लावाले. मले सांगा ना, डिझाईन मीच करते... हौ, मीच... बरं, राहू द्या. आल्यावर लावते त्याइले फोन कराले... घ्या. फोटो मी कापला, नाव मी टाकलं, त्याच्या भावाची टोपी मी सरळ केली. पन बोलायचं करणभाऊसंगच.

प्रयागबाई: पाटीवर त्याचं नाव आहे तं त्यालेच मांगतीन ना लोकं.

सुवर्णा: हौ, पाटीवर आहे. सकाळपासून खुर्चीवर मी आहे.

प्रयागबाई: थकली का व?

सुवर्णा: थकाले बी टाईम लागते आत्याबाई. आली. फाईल उतरली एकदाची.

प्रयागबाई: मले एक सांग. रोज तू फॉन्ट-फॉन्ट करतं. ते असते काय नेमकं? आजपावतर इचारलं नाही.

सुवर्णा: अक्षराचा साचा समजा. एका मानसाच्या हातचे सगळे अक्षरं घ्यायचे, अन् कम्प्युटरमंदी बसवून टाकायचे. मंग क दाबला का तसाच क निंगते. कितीबी वेळा दाबा, तसाच.

प्रयागबाई: हात दुखत नाही मंग.

सुवर्णा: मान दुखते.

प्रयागबाई: अन् हे आमच्या घरचं अक्षर रामाजी गुरुजीच्या पोरानं साच्यात बसवलं.

सुवर्णा: हौ, हर्षदीपनं. हैदराबादले हेच काम करते तो. मागच्या उन्हाळ्यात गावोगाव हिंडला नाही का मोटरसायकल घेऊन? ज्या ज्या लग्नघराच्या दाराशी मामाजीनं नवरा-नवरीचे नावं लिवले होते, त्या सगळ्या भिंतीचे फोटो काढले त्यानं. काही पुसल्या होत्या, काहीवर चुना मारला होता. उरल्या त्यातून एकेक अक्षर कापलं.

प्रयागबाई: आता कोन लिवते भिंती? तुमचा फ्लेक्स येते, लगन होते, अन् दुसऱ्या दिवशी तोच फ्लेक्स ढोराच्या कुटाराच्या ढिगावर झाकतात. नवरा-नवरी उल्टे, वरून बकऱ्या चढतात.

सुवर्णा: मी छापते म्हनून मलेच ऐकवा. बरं, ऐका. आज संध्याकाळी हा फॉन्ट सगळ्यासाठी सोडनार आहे तो. नागपूर, पुनं, कुठचाबी मानूस घेईन अन् आपल्या कम्प्युटरवर टाकीन. पन म्हनला, वहिनी, आधी तुमच्या घरी टाकून पाहा. घरच्यानं हो म्हनल्याबिगर मी सोडत नाही.

प्रयागबाई: गुरुजीचं पोरगं आहे. रीत आहे त्याच्यात.

सुवर्णा: हे पाहा, उघडली फाईल. नाव दिसून राह्यलं का? वाचा.

प्रयागबाई: डोये मिटून वाचू?

सुवर्णा: एक उघडा.

प्रयागबाई: दिसलं.

सुवर्णा: काय दिसलं? सांगा ना.

प्रयागबाई: तू बी ना! करणच्या बापाचं नाव मी कधी घेतलं नाही, ते आता घेईन? अन् तेबी सुनेपुढं? उखान्याच्या वक्ताले बाया पदर धरून बसल्या होत्या, तं मी पदर सोडवून पयून गेलती.

सुवर्णा: आता मामाजी गेले आत्याबाई.

प्रयागबाई: ते गेले. नाव कुठं गेलं? नाव त्याहीचंच आहे.

सुवर्णा: बरं, मी घेते. ‘माणिक’. फॉन्टचं नाव ‘माणिक’ ठेवलं त्यानं. खाली बारीक लिवलं, ‘आदिलाबादकडचे भिंत रंगवनारे माणिक पेंटर यांच्या हातचं अक्षर’. आता इन्स्टॉल करते... अरे देवा.

प्रयागबाई: काय झालं?

सुवर्णा: जागा नाही म्हनते. या डब्याचं वय झालं आता. हजार तं नुसते फॉन्टच पडून आहेत यात. लग्नाच्या पत्रिकेले लोकं म्हनतात नवा पाहिजे, गोल पाहिजे, वेलीवानी पाहिजे. एकदा वापरतात अन् जातात. मी मंग ते सांभाळून ठेवते.

प्रयागबाई: तं काढून टाक ना.

सुवर्णा: काढूनच राह्यली. हा गेला. हा गेला. हा आमदाराच्या वाढदिवसाचा, हा बी गेला. झालं, आता घेते... घेतला! बसला एकदाचा. आता कोरल, हे डिझाईनचं, बंद करून पुन्हा उघडा लागते, नाहीतं दिसत नाही त्याले. तेवढ्यात हर्षदीपचा व्हॉइस मेसेज आला वाटते. ऐका, लावते.

हर्षदीप: जय भीम वहिनी. एक विचारायचं राहून गेलं. काका डावखुरे होते का हो? सगळ्या अक्षरांना थोडा डावीकडे कल आहे. मला वाटलं हाताचीच सवय असेल. पण नसेल, तर मग माझ्याच फोटोंमध्ये गडबड झालीय. तेवढं कळवा, म्हणजे मला तसं करता येईल.

सुवर्णा: डावखोरे कुठले? उजव्या हातानं जेवत, उजव्या हातानं ब्रश धरत. नाही का आत्याबाई?

प्रयागबाई: ब्रश उजव्याच हातानं धरत.

सुवर्णा: तेच सांगते. हर्षदीप, मामाजी उजव्या हातानंच काम करत. फोटोत काही असन तं तू पाह्यजो बाबा. इकडं फॉन्ट बसला, आता छापून पाहते... गेला मेसेज. तुमी काऊन गप झाल्या?

प्रयागबाई: डोया चुरचुरते.

सुवर्णा: उघडला कोरल. पाहा आता, मी टाईप करते. र. भ. म. श्री. आत्याबाई, पाहा तं खरं! अशी वाटली भिंतच उचलून आनली त्यानं.

प्रयागबाई: सरक जरा. जवळून पाहू दे... हौ व. हा भ भारतच्या लग्नातला आहे. त्याच्या घराले खिडकी आडवी येत होती, म्हून या भचं पोट बारीक केलं. अन् हा श्री पाह्य. हा बोथरा होता, दुसऱ्या वर्षापासून सुधरला. अन् हा र... हा रंजीताच्या लग्नाचा. लक्ष्मीबाईच्या रंजीताच्या. भिंतीले पोपडा आलता, म्हून शेपूट अलीकडंच तोडलं मी.

सुवर्णा: कोनं?

प्रयागबाई: काय कोनं?

सुवर्णा: शेपूट कोनं तोडलं?

प्रयागबाई: तोडलं व. कोनीका तोडंना.

सुवर्णा: आत्याबाई, तुमी ‘मी’ म्हनल्या.

प्रयागबाई: तोंडातून निंगते मानसाच्या. गाडीचा टाईम पाय बरं.

सुवर्णा: गाडी जाऊ द्या. तुमी रंग कालवाले जात होत्या ना मामाजीसंग? सगळे हेच सांगतात. दोरीले नीळ लावून आखून द्यायच्या, अन् अक्षर ते लिवायचे.

प्रयागबाई: आखत बी असो.

सुवर्णा: अन्?

प्रयागबाई: अन् काय? खडूनं लिवून बी देत असो. मंग ते त्याच्यात रंग भरत.

सुवर्णा: म्हनजे अक्षर?

प्रयागबाई: अक्षर माहं.

(नेमकी तेव्हाच लाइट गेली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला आणि यूपीएस केविलवाणा टुंगटुंगायला लागला. एरवी सुवर्णानं आधी वीजखात्याचा उद्धार केला असता आणि मग कम्प्युटर नीट बंद केला असता. आज तिचा हात माऊसवर तसाच राहिला. सासूबाई म्हणजे सायकलच्या मागं बसून जाणारी, डबे धुणारी, घासलेटनं हातावरचा रंग काढत ओसरीवर बसणारी बाई, एवढीच तिची ओळख होती. इतकी वर्षं एका घरात भाकरी खाऊन आपण या बाईला एकदाही काही विचारलं नाही, याची तिला फार लाज वाटली. यूपीएसचा आवाज बंद पडला आणि पडदा काळा झाला.)

सुवर्णा: मामाजी काऊन नाही लिवत होते?

प्रयागबाई: राहू दे व.

सुवर्णा: माह्या लग्नानंतर पत्रिका घरी आली का मले देत. ‘सुवर्णा, चष्मा कुठं ठेवला कोन जाने, तू वाच बरं.’ दर वेळी चष्मा हरवलेला असे. बसची पाटी बी मलेच इचारत. मले वाटे, सुनेचं कौतुक आहे.

प्रयागबाई: कौतुक बी होतं.

सुवर्णा: त्याइले वाचता येत नव्हतं?

प्रयागबाई: हयू बोल. दुकान रस्त्यावर आहे... शाळेत गेलेच नाही ते. ढोरं राखत हत्ती काढाले शिकले, कोयशानं, देवळाच्या मांगच्या भिंतीवर. हत्ती असा काढत का लेकरं त्याच्यापुढं ऊस ठेवत. पेंटर म्हून नाव झालं. अन् मंग लोकं म्हने, हत्ती काढला, आता नावं बी लिवा. नवीनच लगन झालेलं आमचं. घरी येऊन रात्रभर तोंड पाडून बसले. मी चवथी शिकलेली. म्हनलं, मी खडूनं लिवून देतो, तुमी वरून गिरवा. कोनाले समजते?

सुवर्णा: अन् कोनाले समजलं नाही.

प्रयागबाई: आमी पहाटेच जावो. घरचे चुलीपाशी असत, भिंतीपाशी कोनी नसे. लोकं जमा होईस्तोवर माहं लिवून झालं राहे, अन् मी डबे घेऊन बाजूले. मंग ते ब्रश घेऊन उभे. लोकं म्हनत, वा, काय अक्षर आहे! ते माह्याकडं पाहत. मी रंगात काडी फिरवत राहो.

सुवर्णा: पन पहाटेच काऊन? बाईनं लिवलं तं काय पाप आहे? सांगायचं तुमी. नवरा चित्र काढते, बायको लिवते. लोकानं तं उलटं कौतुक केलं असतं.

प्रयागबाई: तू माहा हात पाह्यला का कधी लिवतानी?

सुवर्णा: हात?

प्रयागबाई: डावखोरी आहे मी. लहानपनी मायनं चिंधीनं डावा हात पाठीशी बांधून ठेवला होता. डाव्या हाताची पोरगी कोन करन म्हने. जेवाले उजवा शिकला, पोया कराले उजवा शिकला. लिवाले काही शिकला नाही. उजव्यानं लिवलं का कोंबडीनं उकरल्यावानी दिसे. आता सांग, लग्नघरी, शुभकार्यात, नवरीचं नाव डाव्या हातानं लिवलं म्हटल्यावर कोन आपल्या भिंतीले हात लावू देईन? म्हून खडू डाव्या हाताचा, अन् रंग उजव्या हाताचा. त्याहीनं रंग भरला का माह्या जिवातला दगड उतरे. म्हनो, झाकलं गेलं.

सुवर्णा: असं काही नसते आत्याबाई.

प्रयागबाई: तुले नसते. रंजीताची सोडचिठ्ठी झाली, पोरगी माहेरी येऊन बसली, तवा माह्या घशातून घास उतरला नाही. तिच्या नावाचं शेपूट मी तोडलं होतं.

सुवर्णा: तिचा नवरा प्यायचा अन् तिले मारायचा. त्यात तुमच्या खडूचं काय?

प्रयागबाई: मले समजते व. समजून बी जीव मानत नाही.

सुवर्णा: अन् करणची अन् माही भिंत? लग्नाची?

प्रयागबाई: ते बी मीच लिवली. तुहं नाव लिवतानी लय भेव वाटे. ‘सुवर्णा’ लिवलं, पुसलं, पुन्हा लिवलं.

सुवर्णा: मंग? मोडला का माहा संसार?

प्रयागबाई: मोडला नाही. पन थकली तं आहेस.

सुवर्णा: ...ते डाव्या हातानं नाही. ते तुमच्या पोराच्या हातानं.

प्रयागबाई: हास, हास. तेवढंच बरं वाटते.

सुवर्णा: मी हर्षदीपले सांगते. आता फोन लावते. नाव बदलव म्हनते.

प्रयागबाई: बिलकुल नाही! सुवर्णा, माही शपथ आहे तुले.

सुवर्णा: काऊन?

प्रयागबाई: काय सांगशीन? करणच्या बापाले अक्षरओळख नव्हती म्हनशीन? मानसानं जलमभर जे झाकून ठेवलं, ते मेल्यावर मी उघडं करू? चष्मा हरवून हरवून म्हातारे झाले ते. तेरवीले किती लोकं आलते, पाह्यलं ना? सगळे म्हने, असा अक्षरवाला होनार नाही. करण कसा छाती काढून उभा होता. त्याच्या बापाचं तेवढंच तं आहे त्याच्यापाशी.

सुवर्णा: अन् तुमच्यापाशी काय आहे?

प्रयागबाई: मले काय कराचं आहे? डोया सुधरला तं बस झालं.

सुवर्णा: खोटं नका बोलू. मघाशी एकेक अक्षर ओळखलं तुमी. डॉक्टरनं मिटाले सांगितलेला डोळा ताणून पाहून राह्यल्या. उद्या देशभर छापतीन लोकं तुमच्या हातचं, अन् खाली नाव मामाजीचं.

प्रयागबाई: ते नाव बी मीच लिवत होती.

सुवर्णा: कोनतं?

प्रयागबाई: भिंतीच्या कोपऱ्यात, पेंटरचं. तोंडानं कधी घेतलं नाही. हातानं गावोगाव लिवलं.

सुवर्णा: मले लय राग येऊन राह्यला आत्याबाई. अन् कोनावर काढू ते समजत नाही.

प्रयागबाई: माह्यावर नको काढू. तू तुह्या पाटीचं काय केलं ते सांग. कोन चालवते हे दुकान? मंग ‘करण डिजिटल’ काऊन?

सुवर्णा: ...त्याइले वाईट वाटीन म्हनून.

प्रयागबाई: तं मंग.

सुवर्णा: हौ. तं मंग.

प्रयागबाई: पानी दे घोटभर. अन् पाय, गाडी...

सुवर्णा: आली लाइट. चालू होऊ द्या, पाहते, फॉन्ट राह्यला का गेला ते... आहे. बसलेला आहे. अन् हा हर्षदीपचाच फोन. घाबरू नका, मी काही सांगत नाही. स्पीकरवर ठेवते. बोल हर्षदीप.

हर्षदीप: वहिनी, मेसेज ऐकला तुमचा. बरं झालं विचारलं. म्हणजे तो कल माझ्या फोटोंचाच दोष. मी गाडी लावून, वाकडा उभा राहून काढत होतो ना. आता सगळी अक्षरं सरळ करून टाकलीत. नवी फाईल पाठवतो. तुम्ही आधीची काढून टाका आणि ही टाका. मग तुमचं ओके आलं, की संध्याकाळी सोडतो.

सुवर्णा: सरळ केली म्हनजे?

हर्षदीप: डावीकडे झुकलेली होती ती उभी केली. काही त्रास नाही, सगळी एकदमच होतात. आता अगदी टापटीप दिसतात. काका असते तर खूश झाले असते.

सुवर्णा: थांब जरा. अरे, ते... थांब.

हर्षदीप: काय झालं वहिनी? काही चुकलं का?

सुवर्णा: नाही... मले काही सांगता येत नाही. शपथ आहे मले.

हर्षदीप: शपथ?

प्रयागबाई: बापू, मी बोलतो. प्रयागबाई.

हर्षदीप: काकू! जय भीम. तुम्ही दुकानातच आहात होय? डोळा कसा आहे?

प्रयागबाई: डोया बरा आहे. तू ते सरळ नको करू.

हर्षदीप: का हो काकू?

प्रयागबाई: तुह्या फोटोत काही खोट नाही. तू सरळच उभा होता. अक्षरंच तशी आहेत.

हर्षदीप: पण काका तर उजव्या हातानं...

प्रयागबाई: ते उजव्याच हातानं. डावा हात माहा आहे.

हर्षदीप: काकू, मला नीट समजलं नाही.

प्रयागबाई: तुह्या मायबापाच्या लग्नाची भिंत पाह्यली होती ना तू? ‘मंगल परिणय’ लिवलं होतं वर. तुहे बाबा म्हने, गनपती नको, कमय काढा. कमय त्याहीनं काढलं. अन् ‘रामाजी’ अन् ‘भाग्यश्री’ मी लिवलं. पहाटे, खडूनं, डाव्या हातानं. मंग त्याच्यात रंग भरला त्याहीनं. सगळ्या भिंती तशाच. आता लहानपनी मायनं सरळ केलं, तेवढं बस झालं रे. या वयात तू नको करू. नाव नसलं तं चालते मले. पन माहं अक्षर उभं नको करू. ते माहं राहत नाही मंग.

हर्षदीप: ...काकू, ती भिंत पाडली तेव्हा आई रडली होती. ते पाहूनच मी हे सगळं सुरू केलं.

प्रयागबाई: भाग्यश्री रडली?

हर्षदीप: हो. घर नवं होत होतं आणि ती त्या भिंतीपाशी बसून राहिली.

प्रयागबाई: डाव्या हातानं लिवलं म्हटल्यावर तिले काही वाटन का रे? शुभकार्यात? खरं सांगजो.

हर्षदीप: काही वाटायचं नाही. तीस वर्षं झाली, रोज भांडतात आणि एकाच ताटात जेवतात. आज फोन करून सांगतोच तिला. बघा, उद्या तामसीला तुमच्या घरी येऊन बसेल ती.

प्रयागबाई: येऊ दे. च्या करीन.

हर्षदीप: पण काकू, मग काकांनी अक्षर कधीच लिहिलं नाही? असं का?

सुवर्णा: कामं वाटून घेतले होते आमच्या घरी, हर्षदीप. मामाजीचं चित्र, आत्याबाईचं अक्षर. मामाजीले हत्तीतून फुरसत भेटे तवा ना.

प्रयागबाई: ...हौ. वाटून घेतले होते. हत्ती त्याहीच्यावानी कोनाले जमला नाही. हत्ती घेतले ना तू?

हर्षदीप: घेतलेत ना. हत्ती, भालदार, चोपदार, कलश, कमळ. चित्रांची फाईल वेगळी केलीय, तीही आजच सोडणार. काकू, मग अक्षरांची जशी होती तशीच ठेवतो, झुकलेली. आणि नाव बदलतो. ‘प्रयाग’ ठेवू?

सुवर्णा: आत्याबाई? तो इचारून राह्यला.

प्रयागबाई: करण काय म्हनन?

सुवर्णा: करणले मी सांगीन. घरी कामं वाटून घेतले होते, तेवढंच सांगीन. बाकीचं तुमच्या-माह्यात.

प्रयागबाई: ...ठेव बापू. प्रयाग ठेव.

हर्षदीप: ठेवलं. वहिनी, म्हणजे तुम्हाला पाठवली तीच फाईल बरोबर. ती काढू नका, नवी टाकू नका. फक्त नाव बदललेली पाठवतो. आणि आता चित्रांच्या फाईलला नाव द्यायचं राहिलं. तिथं काय लिहू? काकू, तुम्हीच सांगा.

सुवर्णा: ते मी सांगते, हर्षदीप. त्या मामाजीचं नाव घेत नाहीत.

प्रयागबाई: राहू दे व. मी सांगतो. लिव बापू... माणिक.